भाड्याच्या गाडीचे जादा किलोमीटर नक्की मोजतात कसे? (मुलुंड ते गणपतीपुळे, तीन कोटेशनं)

मुलुंड_पूर्व

गणपतीपुळ्याला जायचं आहे. पाच माणसं, त्यात आई-बाबा. शुक्रवारी रात्री ९ च्या सुमारास मुलुंडहून निघायचं आणि रविवारी रात्री परत यायचं. तिथे असताना एक चक्कर जयगडला, एक रत्नागिरी-पावसला. तीन ठिकाणी विचारलं, भाव असे आलेत:

१. सेल्फ ड्राइव्ह, शुक्रवार रात्री ९ ते सोमवार सकाळी ९, म्हणजे ६० तास. ६०० किमीपर्यंत ८,४०० रु., पुढे १२ रु. किमी. अनलिमिटेड घेतली तर ११,५०० रु. पेट्रोल आपलं.

२. ड्रायव्हरसकट अर्टिगा, १६ रु. किमी. व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर जसाच्या तसा: "मिनिमम ३०० पर डे, गॅरेज टू गॅरेज, ड्रायव्हर भत्ता ५०० पर डे, टोल पार्किंग एक्स्ट्रा". गॅरेज मीरा रोडला आहे.

३. ओळखीतल्या एकाची घरची गाडी. रोजचे २,५०० रु., किमीचं बंधन नाही, पेट्रोल आपलं.

६०० किमी एकूण धरायचे की रोजचे? गॅरेज टू गॅरेजमुळे किती किमी माझ्या डोक्यावर बसतील? मीटर गाडीचा धरतात की जीपीएसचा? तिन्हींची गणितं इतकी वेगळी आहेत की तुलनाच करता येत नाहीये.

पिवळी_पाटी

ड्रायव्हरवाल्या गाडीचं सांगतो, बाकीचं इतर मंडळी सांगतीलच.

साहेब, १६ रुपयांवर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. एकाच प्रकारच्या गाडीचा दर या धंद्यात सगळीकडे रुपया-दीड रुपयाच्या फरकाने सारखाच असतो. बिल फुगतं ते मोजणी कुठून सुरू होते, कुठे थांबते आणि "दिवस" कसा धरतात यावर.

आधी अंतर. मुलुंड, पनवेल, पेण, माणगाव, महाड, चिपळूण, संगमेश्वर आणि निवळी फाट्याला उजवीकडे वळून गणपतीपुळे: साधारण ३४० किमी. जाऊन-येऊन ६८०. जयगड जाऊन-येऊन ४०, आरे-वारेवरून रत्नागिरी आणि पुढे पावस जाऊन-येऊन ९०. झाले ८१०. आता गॅरेज. मीरा रोडहून घोडबंदरमार्गे मुलुंड ३० किमीच्या आसपास. गाडी रिकामी येणार आणि तुम्हाला सोडून रिकामी जाणार, ते ६० किमी तुमच्या खात्यावर. एकूण ८७०.

आता दिवस. टूरवाले बहुतेक कॅलेंडरचा दिवस धरतात, रात्री १२ ते रात्री १२. चोवीस तासांचा दिवस धरणारे कमी. तुम्ही शुक्रवारी रात्री ९ ला निघणार म्हणजे गाडी ८ ला गॅरेजमधून सुटणार, आणि शुक्रवारचे ते चार तास हा पूर्ण एक दिवस. शुक्र, शनि, रवि असे तीन दिवस, मिनिमम ९००. प्रत्यक्षात गाडी ८७० धावली तरी बिल ९०० चं: १४,४०० आणि भत्ता १,५००, मिळून १५,९००.

हेच शनिवारी पहाटे ४ ला निघालात तर दोन दिवस, मिनिमम ६००. धावणं ८७० म्हणजे मिनिममच्या वर, त्यामुळे बिल खऱ्या धावण्याचं: १३,९२० आणि भत्ता १,०००, मिळून १४,९२०. जवळपास हजार रुपये वाचले, आणि दिवसभर काम करून रात्रभर गाडी हाकणारा ड्रायव्हरही नको.

खरी मेख परतीला आहे. शुक्रवारी रात्री निघालात आणि रविवारी पेण-वडखळला अडकून गाडी १२ नंतर गॅरेजला लागली, की चौथा दिवस लागला. मिनिमम १,२००, म्हणजे १९,२०० आणि भत्ता २,०००. एकूण २१,२००. एका तासाच्या ट्रॅफिकने ५,३०० रुपये वाढले, त्यातले ४,८०० कधी न धावलेल्या ३०० किमीचे. आणि लक्षात घ्या, घड्याळ गॅरेजचं आहे. तुम्ही ११.४० ला मुलुंडला उतरलात तरी मीरा रोडला पोहोचेपर्यंत तारीख बदललेली असते. म्हणून बुकिंग करतानाच ठरवून घ्या: "परतीचा दिवस पार्टी उतरली तिथे संपेल" किंवा "रात्री २ पर्यंत ग्रेस". ऑफ-सीझनला बरेच जण मान्य करतात. मे महिन्यात आणि गणपतीत नाही करत.

त्याहून सोपं म्हणजे मुलुंड, भांडुप किंवा ठाण्यात गाडी उभी करणारा माणूस शोधा. गॅरेजचे ६० किमी १० वर येतात, ८०० रुपये तिथेच सुटले.

डावी_लेन

सेल्फ ड्राइव्हबद्दल.

तुमचे ६०० किमी हे एकूणच आहेत, कारण ६० तासांना ६०० म्हणजे तासाला १० किमी असा हिशेब दिसतोय. तासावर भाडं घेणारे सहसा असंच करतात. रोजच्या हिशेबाने भाडं घेणाऱ्यांकडे मात्र विचारायलाच हवं. "३०० पर डे" तीन दिवसांचे मिळून ९०० की प्रत्येक दिवशी वेगळे ३००? तुमच्यासारखी ट्रिप, पहिल्या दिवशी ३४०, मधल्या दिवशी १३० आणि शेवटी ३४०, एकत्र धरली तर जादा शून्य. रोजची वेगळी धरली तर पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचे ४०-४०, म्हणजे ८० किमीचे पैसे, आणि मधल्या दिवशी न वापरलेले १७० वाया. न वापरलेल्या किमीचा परतावा कुणीच देत नाही.

तासाला १० किमी असल्यामुळे एक गंमत होते. ८,४०० भागिले ६० म्हणजे तासाला १४० रुपये. त्या एका तासासोबत १० किमी येतात, ज्यांची किंमत जादा दराने १२० रुपये. वर पिवळी_पाटी म्हणतात तसं शनिवारी पहाटे ४ ला निघालात आणि गाडी ७ तास उशिरा घेतलीत, तर भाडं ९८० ने कमी होईल खरं, पण मर्यादाही ५३० वर येईल आणि ७० किमी जादाचे ८४० रुपये भरावे लागतील. निव्वळ बचत १४० रुपये. लांबच्या ट्रिपला तास कापून फारसं काही हाती लागत नाही. जवळची ट्रिप असेल, अलिबाग किंवा लोणावळा, तर मात्र तास कापलेलेच बरे, कारण तिथे मर्यादा ओलांडली जातच नाही.

अनलिमिटेड घ्यायची का, हे ठरवायला एकच भागाकार पुरतो. दोन्ही भाड्यांतला फरक भागिले जादा दर. ३,१०० ÷ १२ = २५८. त्यात मर्यादा मिळवा: ८५८ किमी. याच्या खाली धावणार असाल तर मर्यादेची, वर धावणार असाल तर अनलिमिटेड.

तुमचे ८१० नकाशावरचे आहेत. नकाशात चुकलेली वळणं, पेट्रोल पंपासाठी यू-टर्न, संध्याकाळी जेवायला मालगुंडपर्यंतची फेरी, हॉटेलमध्ये जागा नाही म्हणून लांब केलेलं पार्किंग यातलं काही नसतं. कोकणात मी नकाशावर ८ ते १० टक्के वाढवूनच धरायला सांगतो. ८१० चे ८७५-८९० झाले, म्हणजे रेषेच्या वर. शिवाय पावसाळ्यात परशुराम घाटात वाहतूक थांबवली आणि तुम्ही कराड-आंबा घाटाने वळलात, तर एका बाजूला शंभराहून जास्त किमी वाढतात. या ट्रिपला अनलिमिटेड घ्या.

आता पेट्रोल धरून बघा, इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. सेल्फ ड्राइव्हचा १२ रुपये हा दर बिनपेट्रोलचा आहे. ड्रायव्हरवाल्याच्या १६ मध्ये इंधन आलं. पेट्रोल लिटरला १०४ आणि कोकणच्या रस्त्याला १५ चं अॅव्हरेज धरलं तर किमीला ७ रुपये. म्हणजे मर्यादेपलीकडचा प्रत्येक किमी तुम्हाला १२ ला नाही, १९ ला पडतो. पूर्ण ट्रिपचं पेट्रोल साधारण ५,६००. अनलिमिटेड धरून १७,१०० झाले, टोल वेगळा. ड्रायव्हरवाली गाडी पहाटे निघून १४,९२०, त्यावर ५ टक्के जीएसटी लावला तरी १५,६६६. पाच माणसं, दोन ज्येष्ठ, आणि वर स्वतः चालवायचं नाही. स्वतः चालवली की स्वस्त, हे या ट्रिपला तरी खरं नाही.

मुलुंड_पूर्व

हे दोन्ही वाचून डोक्यात प्रकाश पडला. १६ विरुद्ध १२ अशीच तुलना करत होतो. तिसऱ्या पर्यायाचं कुणी बोललं नाही? तीन दिवसांचे ७,५०० आणि पेट्रोल, सगळ्यात स्वस्त तोच दिसतोय.

कागदोपत्री

तिसरा सोडा. घरची गाडी म्हणजे पांढरी पाटी. भाड्याने द्यायची गाडी ड्रायव्हरसकट असेल तर पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, सेल्फ ड्राइव्हची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं हे मोटार वाहन कायद्यात परमिटशिवाय धंदा करणं आहे, आणि खासगी वापराच्या विम्यात भाड्याचा वापर वगळलेला असतो. गाडी ठोकली गेली आणि पैसे देऊन घेतली होती हे सर्व्हेअरला कळलं, तर दावा अडकतो. किमीचं बंधन नाही यात आनंद मानण्यासारखं काही नाही.

घाटवळण

मीटर की जीपीएस, या प्रश्नावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

ड्रायव्हरवाल्या गाडीत जवळपास नेहमी ओडोमीटर. ड्युटी स्लिपवर ओपनिंग आणि क्लोजिंग किमी लिहितात, वजाबाकी करतात, संपलं. अॅपवरून घेतलेल्या सेल्फ ड्राइव्ह गाड्यांत काही कंपन्या ओडोमीटरचा फोटो घेतात, काही गाडीत बसवलेल्या जीपीएस यंत्राचा आकडा धरतात. अटींमध्ये "व्हेइकल ट्रॅकिंग डेटा फायनल" असं काही दिसलं तर जीपीएस समजा.

दोन्हींत फरक का येतो? ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. अर्टिगाचा टायर १८५/६५ आर १५, नवा असताना व्यास साधारण ६२१ मिमी. नव्या टायरची नक्षी ८ मिमीच्या आसपास खोल असते. ती २ मिमीवर आली की त्रिज्या ६ ने आणि व्यास १२ मिमीने घटला. म्हणजे जवळपास २ टक्के. चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त, आणि मीटर २ टक्के जास्त दाखवतो. ८७० किमीच्या ट्रिपला १७ किमी, १६ च्या दराने २७२ रुपये. हवा कमी असेल तर अजून थोडी भर. एवढ्यासाठी भांडू नये असं माझं मत, पण टायर गुळगुळीत असतील तर पैशांपेक्षा सुरक्षेसाठी गाडी बदलून मागा. फरक ५ टक्क्यांच्या वर दिसला तर मात्र संशय घ्यायला जागा आहे. मूळ मापापेक्षा छोटे टायर बसवले तरी असं होतं, आणि मीटरशी खेळ केला असेल तरीही. तपासायचं असेल तर हायवेवरचे किमीचे फलक बघून सलग २० किमीचं ट्रिप मीटरवरचं अंतर ताडून बघा. मात्र मुंबई-गोवा हायवेवर काम सुरू असलेल्या टप्प्यात फलकांवर भरवसा ठेवू नका.

जीपीएसची चूक उलट्या बाजूची. यंत्र ठरावीक वेळाने एक ठिपका नोंदवतं आणि ठिपके सरळ रेषेने जोडतं. दर ३० सेकंदांनी ठिपका असेल आणि घाटात ताशी ४० ने चालला असाल, तर दोन ठिपक्यांत ३३३ मीटर. तेवढ्यात कोकणातल्या घाटाची दोन वळणं होऊन जातात, आणि ती वळणं कापली जातात. म्हणून घाटात जीपीएस कमी दाखवतो. कशेडीच्या बोगद्यात सिग्नल जातो, पण आत-बाहेरचे ठिपके जोडले जातात म्हणून तिथे विशेष फरक पडत नाही. मात्र उंच इमारतींमध्ये गाडी रात्रभर उभी असेल तर ठिपका इकडेतिकडे सरकत राहतो, आणि ढिसाळ सॉफ्टवेअर ते सरकणंही अंतरात धरतं. एखाद्या रात्री गाडी जागची हलली नसताना किमी वाढलेले दिसले तर कारण बहुतेक हेच.

फोटो काढताना सगळ्यात जास्त होणारी चूक: लोक ट्रिप ए चा किंवा "रेंज" चा फोटो काढतात. डिजिटल डिस्प्लेवर बटण दाबत गेलं की ओडो, ट्रिप ए, ट्रिप बी, अॅव्हरेज, रेंज असे आकडे फिरतात. "ओडो" लिहिलेलं दिसायला हवं, आणि पाच-सहा आकडी संख्या. इग्निशन चालू असताना काढा, म्हणजे त्याच फोटोत इंधनाचा काटाही येतो. नंबर प्लेटचा एक, डॅशबोर्डचा एक, लगोलग.

लगीनघाई

मध्येच विचारतो, विषय तोच आहे. लग्नासाठी दिवसभर गाडी हवी. "८ तास ८० किमी २,४०० रुपये, पुढे १६ रु. किमी, २०० रु. तास". ८० किमी संपले की पैसे लागतात की ८ तास संपले की? घर मुलुंड, हॉल दादरला.

पिवळी_पाटी

दोन्हींचे लागतात, आणि वेगवेगळे लागतात. जे जास्त ते एक, असं नाही.

मुंबईत किमी आधी संपत नाहीत, तास संपतात. गॅरेज मीरा रोडलाच धरा. गाडी सकाळी ८ ला सुटली, ९ ला मुलुंड, हॉल, दुपारी कुणाला तरी स्टेशनवरून आणणं, संध्याकाळी सामान, आणि रात्री ८ ला गॅरेज. तास १२, किमी ९५ च्या आसपास. जादा ४ तासांचे ८०० आणि १५ किमीचे २४०. बिल ३,४४०. त्यामुळे आधीच १२ तास १२० किमीचं पॅकेज विचारा, ३,४४० च्या खाली बसत असेल तर तेच घ्या. हॉलवर गाडी पाच तास नुसती उभी राहणार असेल तर गाडी ठेवूच नका. सकाळी आणि रात्री दोन वेगळ्या टॅक्सी स्वस्त पडतात.

मुलुंड_पूर्व

अजून एक. सेल्फ ड्राइव्ह घेतलीच आणि सोमवारी दुपारपर्यंत वाढवायची वेळ आली, तर किमीही वाढून मिळतात का? आणि गाडी बंद पडून दुसरी दिली तर?

डावी_लेन

वेळ संपायच्या आत अॅपमधून किंवा फोनवर वाढवून घेतली तर बहुतेकांकडे त्या प्रमाणात किमी मिळतात. पण भाव तेव्हाचा लागतो, तुम्ही बुक केला तेव्हाचा नाही, म्हणून सोमवार सुट्टीचा असेल तर तो चढलेला असतो. न सांगता उशीर केलात तर दंड लागतो आणि एकही किमी मिळत नाही. उशीर होणार असं महाडला आल्यावर वाटायला लागलं की तिथेच वाढवा, पनवेलला येऊन नाही. मध्ये रेंज नसलेले पट्टे बरेच आहेत.

गाडी बदलली तर पहिल्या गाडीचं क्लोजिंग आणि दुसरीचं ओपनिंग, दोन्ही फोटो त्याच जागी काढा. दोन गाड्यांची बेरीज लावताना गडबड होते ती टोइंगच्या अंतराची. चाकं जमिनीवर ठेवून ओढून नेली तर मीटर पुढे गेलेला असू शकतो, आणि ट्रॅकर तर फ्लॅटबेडवर चढवलेल्या गाडीचंही अंतर मोजत राहतो. जिथे बंद पडली तिथला फोटो असला की तो वाद मिटतो. दुसरी गाडी तुमच्यापर्यंत आणायचे किमीही तुमचे नाहीत.

घरपोच डिलिव्हरी घेणार असाल तर तेच. आणून देणारा हबपासून चालवत आणतो. तुमचं ओपनिंग तुमच्या दारातलं असायला हवं. अॅपमध्ये आधीच एक आकडा भरलेला असतो, तो डॅशबोर्डशी जुळवून मगच पुढे जा.

कागदोपत्री

जादा किमीचे पैसे डिपॉझिटमधून परस्पर कापले जातात, म्हणून वाद निर्माण झालाच तर पैसे आधीच त्यांच्याकडे असतात. अशा वेळी फोनवर बोलत बसू नका. ईमेल करा, त्यात चार गोष्टी: बुकिंग क्रमांक, ओपनिंग-क्लोजिंगचे फोटो, तुमची वजाबाकी, आणि "तुम्ही धरलेल्या अंतराची तारीखवार नोंद पाठवा" ही मागणी. ट्रॅकर असेल तर ती नोंद त्यांच्याकडे असतेच. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग, ऑनलाइन तक्रार ई-जागृती पोर्टलवर होते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पाच-सातशे रुपयांसाठी कुणी तिथवर जात नाही हे कंपन्यांनाही ठाऊक असतं, पण नीट लिहिलेल्या ईमेलवर बऱ्याचदा काम होऊन जातं.

ड्रायव्हरवाल्या गाडीत कोऱ्या ड्युटी स्लिपवर सही करू नका. "सही करून ठेवा, गॅरेजला गेल्यावर मी भरतो" असं ड्रायव्हर म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते साहजिकच आहे, क्लोजिंग गॅरेजचंच लिहायचं असतं. तुम्ही उतरताना दिसणारा आकडा स्लिपवर स्वतःच्या हाताने लिहा, वेळ लिहा, मग सही. पुढचे ३० किमी त्यात मिळवायचे हे ठरलेलंच आहे, ५० लावले तर दिसेल.

टोलच्या पावत्यांत एक पाहून घ्या. मुलुंड, ऐरोली, वाशी, दहिसर या मुंबईच्या नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. जुन्या सवयीने तो बिलात लावलेला आढळतो. फास्टॅगच्या नोंदी वेळेसकट मागा.

पिवळी_पाटी

दोन-तीन बारीक गोष्टी राहिल्या. गणपतीपुळ्याला ड्रायव्हर रात्री झोपायला-जेवायला गाडी घेऊन गेला तर ते किमी पार्टीच्या खात्यात. हॉटेलला आधी विचारा, ड्रायव्हरसाठी डॉर्मिटरी आहे का. असली तर गाडी आवारातच राहते. अर्टिगा सीएनजीची असेल तर डिकीत सिलिंडर असतो, पाच माणसांचं तीन दिवसांचं सामान मागची सीट पाडून नाहीतर वर कॅरियरवर जाणार. आणि कोकणात सीएनजीच्या रांगेत वेळ जातो, रस्ता सोडून पंपावर जायचं अंतरही मीटरवर येतं. पंपासाठी १० किमी आत जाणार असेल तर त्याला म्हणा पेट्रोलवर चालव. सीएनजी वाचवून फायदा त्याचा आहे, तुमचा दर तोच राहतो.

बुकिंगआधी हे असं व्हॉट्सअॅपवर पाठवा, फोनवर नको:

"शनिवार पहाटे ४ पिकअप मुलुंड पूर्व, रविवार रात्री ड्रॉप मुलुंड पूर्व. दोन दिवस, मिनिमम एकूण ६०० किमी, त्यावर प्रत्यक्ष धावलेले किमी १६ रुपयांनी. गॅरेजचे जाऊन-येऊन जास्तीत जास्त ६० किमी. ड्रॉप रात्री १२ च्या आत झाला तर तिसरा दिवस लागणार नाही, गाडी गॅरेजला कधीही पोहोचो. भत्ता दोन दिवसांचा १,०००, नाइट चार्ज वेगळा नाही. टोल-पार्किंग पावतीप्रमाणे. जीएसटी यात धरलाय की वेगळा? ओके असेल तर कन्फर्म लिहा."

नुसता अंगठा आला तर पुन्हा विचारा. "कन्फर्म" असं लिहून घ्या, आणि नाइट चार्जच्या ओळीवर तो काही बोललाच नाही तर ती लागणार असं समजून चाला. पहाटे ४ ला पिकअप म्हणजे गाडी ३ ला सुटते, आणि बरेच जण ६ च्या आधी सुटलेल्या गाडीला २५०-३०० रुपये लावतात.

मुलुंड_पूर्व

पाठवला. उत्तर आलं: "नाइट ३०० लागेल बाकी कन्फर्म, जीएसटी बिल पाहिजे तर ५%". ठाण्यातल्या अजून एकाला हेच पाठवून बघतो.

पिवळी_पाटी

बघा. ठाण्याचा माणूस १७ म्हणाला तरी लगेच नाही म्हणू नका. मुलुंडपासून त्याचं गॅरेज ५ किमीवर असेल तर ८२० किमीचे १३,९४० होतात, मीरा रोडवाल्याचे ८७० चे १३,९२०. रक्कम तीच, आणि त्याची गाडी तुम्हाला सोडून १५ मिनिटांत घरी लागते, म्हणजे रात्री १२ ची भीती तेवढी कमी.